ज्याचं सोंग, त्याला पुढची खुर्ची

वनखात्याच्या एका नोंदवहीत माझ्या नावावर अडीच पोती सुका पाला आहे. पंचनाम्यातल्या 'प्रयोजन' या रकान्यात 'वेशभूषा' असा एकच शब्द असून त्याखाली माझी, म्हणजे शहापूरच्या एका महाविद्यालयात चौदा वर्षे समाजशास्त्र शिकवणाऱ्या माणसाची, पूर्ण सही आहे. मी वाशिंदला दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात चार कुंड्या आहेत, शेत नाही. आणि मी आयुष्यात कधीही कमरेला पाने बांधलेली नाहीत. हे आरंभीच स्पष्ट करतो, कारण आमच्या सोसायटीत याविषयी वेगळे मत प्रचलित आहे.

सह्या हा माझा जुना दोष. प्राध्यापक शिकवतो थोडे आणि सह्या फार करतो. त्यात मी सांस्कृतिक समितीचा प्रमुख. हे पद मला ज्येष्ठतेने मिळालेले नाही. ज्या सभेत ते कोणाला तरी द्यायचे होते त्या सभेला मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता. जानेवारीच्या अखेरीस स्नेहसंमेलन जवळ आले आणि विद्यार्थी प्रतिनिधी संदेश एक कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. संदेश सापगावचा. घरची भातशेती, आवाज मोठा, मन त्याहून मोठे, आणि या दोन मोठ्या गोष्टींच्या मध्ये विचाराला जागा थोडी.

"सर, डेजची लिस्ट हाय. खाली सही मारा."

यादी नेहमीची होती. साडी डे, टाय डे, जोडी डे, आणि शेवटच्या शुक्रवारी 'जंगल धमाका: आदिवासी पार्टी'. खाली बारीक अक्षरात सूचना होती: अंगाला काळा रंग, कमरेला पाने, हातात भाला, उत्कृष्ट जंगलीस बक्षीस.

ही यादी मी वाचली नव्हती असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण मी ती वाचली. आमच्याकडे कितीतरी मुले ठाकरवाड्यांतून आणि कातकरवाड्यांतून येतात, हेही मला ठाऊक होते. त्यावर माझा एक शोधनिबंध आहे. मी नकार द्यायला हवा होता. त्याऐवजी मी सुधारणा सुचवली. शिकलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका सुधारणा सुचवतानाच होतात.

"संदेश, हे असं थिल्लर नको," मी चष्मा काढून म्हणालो. "करायचंच तर अभ्यासपूर्ण करा. प्लास्टिकची हाडं, पुठ्ठ्याचे भाले, हे सगळं खोटं आहे. वेश अस्सल हवा."

"म्हंजे पानं खरी आणायची?"

"निदान तेवढं तरी," मी म्हणालो, आणि सही केली.

आमच्या खालच्या मजल्यावर हेतलबेन राहतात. शाळांच्या कार्यक्रमांना लागणारे पोशाख त्या भाड्याने देतात. अस्सल वेश म्हणजे नेमका कोणता, हे मी त्यांना जिन्यात विचारले. वास्तविक हा प्रश्न ग्रंथालयात विचारायला हवा होता. पण ग्रंथालय पाच वाजता बंद होते आणि हेतलबेन कधीच बंद होत नाहीत.

"आदिवासी ना? माझ्याकडे फर्स्ट क्लास सेट आहे, सर," त्या म्हणाल्या. "काळी बनियन, हाडांची माळ, गवताचा घागरा. ह्यालाच शिंगं लावली की राक्षस. शिंगं काढून हातात दोर दिला की यमदूत. तीन कामं एकाच सेटमध्ये, शाळावाले लई खूश."

"पण हे तिघे निरनिराळे आहेत, हेतलबेन."

"असतील ना. पण साइज एकच येते."

हा संवाद मी घरी अनिताला, माझ्या पत्नीला, रंगवून सांगितला. अनिता पंचायत समितीच्या कार्यालयात नोकरी करते आणि दिवसभर लोकांचे ऐकून घेत असल्याने घरी मोजकेच बोलते. तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "तुमच्या वर्गात ती मुरबाडकडच्या ठाकरवाडीची मुलगी आहे ना, संगीता? तिला विचारलंत का?"

अनिताला काय म्हणायचे होते ते मला आज समजते. त्या दिवशी मला वाटले, ती संशोधनपद्धतीविषयी बोलते आहे. माहिती मूळ स्रोताकडून घ्यावी, हे मी स्वतःच मुलांना शिकवतो.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात, साठ मुलांसमोर, मी म्हणालो, "संगीता, उभी राहा. तुमच्याकडे पूर्वी काय नेसत असत, ते जरा सगळ्यांना सांग. लाजू नकोस. हे ज्ञानासाठी आहे."

संगीता उभी राहिली. तिसऱ्या वर्षाची, बोलायला कमी, लिहायला नेटकी. तिच्या अंगावर निळा कुर्ता होता. तिने एकदा त्या कुर्त्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. मागून संदेश उत्साहाने म्हणाला, "सर, हिला बक्षीस देऊन टाका ना! हिला मेकअप पन नाय लागनार!" वर्ग हसला. मी "शांत बसा" म्हणालो. पण मी ते ज्या सुरात म्हणालो तो सूर फळा पुसताना धूळ उडाल्यावर काढायचा असतो. संगीता खाली बसली. तास संपल्यावर गेली. त्यानंतर आठ दिवस आली नाही.

हजेरीपटावर आठ रिकामी घरे दिसू लागली तेव्हा मी आकडेमोड केली. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेचे प्रवेशपत्र मिळत नाही. संगीताच्या आणखी चार गैरहजेऱ्या झाल्या की ती त्या रेषेखाली जाणार होती. वाडीतून बारावीच्या पुढे आलेली ती पहिली मुलगी. हे तिनेच पहिल्या वर्षी प्रवेशाच्या अर्जावर लिहिले होते. त्या अर्जावर पालक-शिक्षक म्हणून माझी सही होती, हेही मला तेव्हाच आठवले.

मी वाडीवर जायचे ठरवले. आता, चौदा वर्षे वाड्यांविषयी व्याख्याने देऊनही मी एकाही वाडीवर गेलो नव्हतो, आणि पत्राशिवाय कुठे जावे कसे हे मला कळत नाही. मी हेडक्लार्कना म्हणालो, "तिच्या आजोबांच्या नावे एक पत्र द्या. मी भेटायला येत आहे, एवढंच."

हेडक्लार्कनी संगणकावरून मान वर केली नाही. "सर, आपल्याकडे पत्राचे तीनच नमुने आहेत. विद्यापीठाला, बँकेला, आणि प्रमुख पाहुण्यांना. आजोबा विद्यापीठ आहेत का?"

"नाहीत."

"बँक?"

"नाही हो."

"मग झालं," ते म्हणाले. यंत्र घरघरले, पत्र बाहेर आले; ते प्राचार्यांनी आधीच सही करून ठेवलेल्या कोऱ्या कागदावर छापलेले होते. मी खाली माझी सही केली. वाचले नाही. घाईत होतो, एका मुलीची आठ दिवसांची गैरहजेरी भरून काढायला निघालो होतो.

वाडी डांबरी रस्ता सोडून आत दोन किलोमीटरवर. मी स्कूटर लावली तेव्हा संगीता आणि तिची आजी रंगूबाई डोक्यावर पाल्याची ओझी घेऊन समोरून येत होत्या. आजोबा, जाणूबाबा, अंगणात खाटेवर बसले होते. पँट, पांढरा सदरा, मनगटावर घड्याळ. मी नकळत त्यांच्या कमरेकडे पाहिले, आणि त्यांनी ते पाहिले.

"बस, सर," जाणूबाबा म्हणाले. वाडीतले म्हातारे सगळ्यांना 'तू' म्हणतात, हे माझ्या शोधनिबंधात आहे. प्रत्यक्ष ऐकताना मात्र मी अंमळ सरळ होऊन बसलो. "च्या घे. दुधाची हाय."

मी पत्र पुढे केले. ते त्यांनी नातीला दिले. संगीताने ओझे उतरवले, हात पुसले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मा. श्री. जाणूबाबा व समस्त वाडीकर यांस. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनानिमित्त शुक्रवारी सकाळी अकरा वाजता होणाऱ्या 'आदिवासी पार्टी' या कार्यक्रमास आपण सर्वांनी प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहावे व पहिल्या रांगेत आसनस्थ होऊन आम्हास उपकृत करावे."

मी कप तोंडापर्यंत नेला होता. तो तिथेच राहिला. संगीताने पत्र शेवटपर्यंत वाचले, माझ्या सहीसकट. तिचा चेहरा जराही हलला नाही.

"आदिवासी पार्टी म्हंजे काय रे, सर?" रंगूबाईंनी विचारले.

मी समजावून सांगू लागलो. सांस्कृतिक वारसा, युवकांचा सहभाग, पारंपरिक पेहराव, असे बरेच शब्द मी त्या अंगणात मांडले. रंगूबाईंनी शांतपणे ऐकले आणि नवऱ्याकडे वळून सगळ्याचे एका वाक्यात भाषांतर केले. "पोरा आमचा सोंग घेनार हायेत."

"सोंग?" जाणूबाबांचा चेहरा उजळला. "मंग असा सांग ना! आमच्या गौरीच्या नाचात पन सोंगा असतात. दुकानदाराचा, डाक्टरचा, फारेस्टवाल्याचा. पन रीत हाय आमच्या वाडीची. ज्याचा सोंग, त्याला बोलवायचा. पुढं बसवायचा. आन् पयला तो हसंल. तो हसला का मंग सगल्यांनी हसायचा."

"आणि तो नाही हसला तर?" माझ्यातला अभ्यासक जागा झाला.

"बाजूला बादली ठेवलेली असते. सोंगवाल्यानं तोंड धुवायचा आन् गप बसायचा. सोंग मोडला." ते पत्राकडे बोट दाखवून समाधानाने म्हणाले, "कालेजला रीत ठाव हाय. पयल्या रांगंत लिवलाय बग."

एखाद्या चुकीच्या कागदाने मला इतका अनपेक्षित मान आजवर मिळवून दिला नव्हता. खुलासा करण्यासाठी मी तोंड उघडले; पण जाणूबाबा म्हणाले, "आमी पन एक सोंग आनू. पाव्हण्यानं मोकल्या हातानं जाऊ नये," आणि खुलाशाची वेळ टळली.

"आजी," मी विषय बदलला, "तुमच्याकडे जुना पेहराव काही जपून ठेवलेला..."

"तुजा आजा काय नेसायचा रे?"

"धोतर."

"मंग तू का नाय नेसत?"

"सवय नाही, आजी. आणि स्कूटर."

"आमाला पन स्कूटर हाय," रंगूबाई म्हणाल्या.

निघताना संगीता स्कूटरपर्यंत आली. मी म्हणालो, "संगीता, कॉलेजला ये. हजेरी कमी पडते आहे. मी त्या दिवशी फक्त माहिती विचारली होती."

"हो सर. मायतीच विचारलीत." ती पत्राची घडी घालत होती. "तुमी मला उभं केलंत. जाणूबाबा बोलतात तसं पुढं बसवलं नाय."

"शुक्रवारी येशील?"

"पत्र आलंय म्हटल्यावर येऊ की."

"आणि त्यापुढच्या सोमवारी? वर्गात?"

ती पत्र मुठीत घेऊन अंगणाकडे वळली. माझी सारी वाडीयात्रा ज्या प्रश्नासाठी होती, त्याचे उत्तर मला मिळाले नाही. मिळाला तो पाला. झाले असे, की मी अंगणातल्या ढिगाकडे पाहत पानांविषयी दोन प्रश्न विचारले होते, आणि वाडीने सरळ अर्थ लावला: सरांना राबाला पाला हवा आहे. भाताची रोपे टाकायची जागा पाल्याने भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. माघ-फाल्गुनात इकडे पाल्याविषयी बोलणाऱ्या माणसाला दुसरे काय हवे असणार? बोलता बोलता अडीच पोती भरली गेली. एक पायापाशी, एक मागे, आणि अर्धे माझ्या मांडीवर. माझे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. इतक्या मायेने दिलेल्या वस्तूला नाही कसे म्हणावे, हे समाजशास्त्रात नाही.

रस्त्याला लागताच वनरक्षकाने हात केला. खाकी गणवेश, टोपी, हातात नोंदवही. मी स्कूटर थांबवली आणि टोपीखालून आवाज आला, "सर, तुम्ही?"

ती कुणाली होती. सहा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून बाहेर पडलेली; किन्हवलीकडच्या कातकरवाडीची. मला अभिमान वाटला आणि सुटल्यासारखेही वाटले. दुसरी भावना अकाली होती.

"सर, वाडीवाल्यांनी राबाला पाला नेला तर त्यांचा हक्क आहे. तुमचा राब कुठं आहे?"

"माझा राब नाही."

"मग प्रयोजन काय लिहू? रकाना भरावा लागतो."

खोटे बोलणे मला जमत नाही. ती सवय मी लिखाणापुरती ठेवली आहे. मी म्हणालो, "कार्यक्रम आहे. मुलं आदिवासींचा... म्हणजे वेशभूषा."

कुणालीचे पेन क्षणभर थांबले. मग तिने सुवाच्य अक्षरात लिहिले: 'वेशभूषा.' मला म्हणाली, "आईला विचारते हं सर, ती कधी पाला नेसली होती का. तुमच्या पेपरला मला एकोणसत्तर मार्क होते. हे काही त्यात नव्हतं." आणि नोंदवही पुढे केली. "सही करा. मुद्देमाल जप्त. पण आमच्या ऑफिसात जागा नाही, म्हणून तुमच्याच ताब्यात देते. पुढचा आदेश येईपर्यंत एक पान कमी होता कामा नये."

अशा रीतीने सरकारजमा झालेला अडीच पोती पाला घेऊन मी सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो. हेतलबेन जिन्यात होत्या. "अरे वा, सर स्वतः करणार!" त्या म्हणाल्या, आणि दिवे लागण्याआधी ही बातमी चारही इमारतींत पोहोचली.

दुसऱ्याच दिवशी मी कार्यक्रम रद्द करायला निघालो. संदेश म्हणाला, "सर, तुमची सही हाय." प्राचार्य म्हणाले, मंजूर कार्यक्रम रद्द करायचा तर समितीची सभा हवी, आणि सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. शुक्रवारला चार दिवस होते. मग त्यांनी निमंत्रणपत्राची प्रत पाहिली आणि त्यांचा आवाज बसला. "समस्त वाडीकर म्हणजे किती?"

सत्तावीस होते. शुक्रवारी अकराला टेम्पोतून उतरले. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, गजरे माळून. पुरुष इस्त्रीच्या सदऱ्यांत. जाणूबाबा मुलाच्या लग्नातल्या सफारीत. पत्रावर स्वतःची सही असल्याने प्राचार्यांनी सत्तावीस नारळ हसतमुखाने दिले. संस्थेचे अध्यक्ष दुसऱ्या रांगेत गेले, मला मात्र जाणूबाबांनी हात धरून पहिल्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर बसवले. सत्ताविसाव्या नारळापर्यंत पाऊण तास झाला होता, आणि पडद्यामागे पोरे पानांनी खाजवत होती. माझा मुद्देमाल सरकारी असल्याने त्यांनी महाविद्यालयाच्याच आवारातला अशोक सोलला होता. तोंडाला बुटाचे पॉलिश होते.

मी आत गेलो. "संदेश, पुढे कोण बसलं आहे ते एकदा बघ, आणि मग ठरव. मी सांगणार नाही." त्याने पडद्याच्या फटीतून पाहिले, आणि पॉलिशखालीही त्याचा चेहरा बदललेला दिसला.

"सर... जानूआजा हाय पुढं. आमच्याकडं दरसाल कापनीला येतो. त्यानं मला नदीत पोवायला शिकवलाय, सर."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकवाल्याने ढोल लावला आणि पडदा उघडला. त्याच्याकडे कार्यक्रमपत्रिका होती, आणि तिच्यावर माझी सही.

मी जागेवर येईपर्यंत सहा पोरे उजेडात उभी राहिली. एकाने सवयीने भाला उंचावला आणि खाली केला. मागच्या रांगांतून हसू फुटू लागले; पण पहिल्या रांगेतून काहीच येईना, तेव्हा तेही विरले. ढोल बिचारा एकटाच वाजत राहिला, मग तोही कोणीतरी बंद केला. सत्तावीस माणसे लक्षपूर्वक, जरा काळजीने, पाहत होती. आपले सोंग ओळखण्याचा ती प्रामाणिक प्रयत्न करत होती.

शेवटी रंगूबाई उठल्या. "कोनाचा सोंग हाय रे ह्यो, पोरा?"

सभागृहात टाचणी पडली असती तर तिचीही नोंद झाली असती. संदेशने पायाच्या अंगठ्याकडे पाहिले. 'तुमचा' हा शब्द साधा आहे. पण तो त्याच्या तोंडून बाहेर येईना.

"कोनाचा नाय, आजी," तो म्हणाला.

"मंग धू तोंड."

जाणूबाबांनी येताना बादली आणलीच होती. पॉलिश पाण्याने निघत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी मंचावरच्या कुंडीतली मूठभर माती घेतली, आणि मंचाच्या कडेला बसून एकेकाचे तोंड स्वतः घासून दिले. संदेशची पाळी आली तेव्हा त्यांनी त्याचा कान धरून मान वळवली. "लानपनी पन असाच चिखलात लोलायचास. हल नको, डोल्यात जाईल." आता मात्र पहिली रांग हसली. त्यानंतर सगळे हसले, आणि संदेशही, डोळे घट्ट मिटून.

मी सुस्कारा सोडला आणि खुर्चीत मागे टेकलो. कार्यक्रम निभावला असा माझा समज झाला. पण पाव्हण्यांचे सोंग अजून यायचे होते, आणि मी पहिल्या रांगेत का बसलो आहे, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

मंचावर संगीता आली. अंगात कोणाचा तरी ढगळ कोट, डोक्यावर हेल्मेट, तारेचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पायापाशी एक पोते, पाठीला एक, पोटाशी अर्धे. ती फुर्र फुर्र करत मंचभर फिरली, खड्ड्यात उडाली, अर्धे पोते सावरले. मग उतरली. कोणी कागद दिला, तिने सही केली. कोणी पान दिले, त्यावर सही केली. रंगूबाईंनी नारळ पुढे केला, त्यावरही केली. कुठेच खाली पाहिले नाही. मग तिने चष्मा काढला, बोट उंचावले, आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "उभी राहा. जरा सांग. लाजू नकोस. हे ज्ञानासाठी आहे."

कोणी हसले नाही. रीत आता सर्वांना कळली होती. सातशे माणसे माझ्याकडे पाहत होती. त्यांत प्राचार्य होते, अध्यक्ष होते, आणि दुसऱ्या रांगेत, रजा काढून आलेली अनिता होती. मी प्रौढ स्मित केले. जाणूबाबांनी मान हलवली. स्मित चालत नव्हते. माझा मान, माझा शोधनिबंध, माझी चौदा वर्षे, सगळे त्या ढगळ कोटात मंचावर उभे होते. संगीताची नजर एकदा बादलीकडे गेली. मी हसलो नाही तर ती तोंड धुऊन खाली उतरणार होती, पुन्हा एकदा माझ्यामुळे गप्प बसणार होती. आणि सोमवारी काय होईल ते मला कळत होते. पण हसू हुकुमाने येत नाही.

तेव्हा तिने खिशातून शेवटचा कागद काढला. ऐटीत, लांबलचक, शेपटीदार सही केली. मग प्रथमच कागदाकडे पाहिले. तो उलटा होता. तिने तो सुलटा फिरवला. आता सही उलटी झाली. तिने सहीकडे मान वाकडी करून पाहिले, मग कागद तसाच ठेवून स्वतःच कागदाभोवती फिरली.

मी हसलो. ठरवून नव्हे. पोटातून, चष्मा पडेपर्यंत. माझ्या मागून सभागृह कोसळल्यासारखे हसले, आणि त्या गोंधळात मला संगीताचा चेहरा दिसला. हेल्मेटखाली ती हसत होती, प्रथमच.

पुढच्या आठवड्यात कुणालीने आदेश पाठवला: मुद्देमाल मूळ वाडीस परत. परवान्यासह अडीच पोती मी पुन्हा स्कूटरवरून नेली; या खेपेला संदेश मागे बसला होता. त्याने जाणूबाबांचा राब भाजायला मदत केली, आणि भुवया जाळून घेतल्या.

पण त्याआधी सोमवार आला. मी हजेरी घेत होतो. एकेचाळीस या क्रमांकापाशी थांबलो.

"हजर, सर."

तास संपल्यावर संगीता टेबलापाशी आली. हातात गैरहजेरी माफ करण्याचा छापील अर्ज होता. पालक-शिक्षकाच्या सहीने तो प्राचार्यांकडे जातो. मी पेन काढले, सवयीने कागदाच्या तळाशी नेले, आणि थबकलो. चष्मा नीट केला. अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. गैरहजेरीचे दिवस तेरा: आधीचे आठ आणि गेल्या आठवड्याचे पाच. त्यापुढच्या रकान्यात तिच्या नेटक्या अक्षरात लिहिले होते: 'कारण: सरांनी वर्गात उभे केले.'

हा अर्ज प्राचार्य वाचणार होते. हेडक्लार्क वाचणार होते. दहा वर्षे तो दप्तरात राहणार होता.

"कारण बदलू का, सर?" तिने विचारले.

मी पुन्हा एकदा वाचला. "नको. खरं आहे ते."

मी सही केली. तिने अर्ज उचलला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली, सर."